पिनांच्या संमेलनासाठी प्रवास करावा का?

कराडच्या एका संग्राहकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे सुमारे तीनशे ऑलिम्पिक पिना, म्हणजे कपड्यांवर लावायचे स्पर्धेचे छोटे बिल्ले, आहेत. बहुतेक टपालाने विकत घेतलेल्या, काही नातेवाइकांनी परदेशातून आणून दिलेल्या. कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्या गोळेश्वर गावाशेजारी लहानाचे मोठे झाल्यामुळे खाशाबा हा त्यांच्या संग्रहाचा गाभा आहे, आणि खाशाबा ज्या दोन ऑलिम्पिकमध्ये खेळले त्या लंडन १९४८ व हेलसिंकी १९५२ यांच्या पिना त्यांना सर्वांत जास्त हव्या आहेत. पुढच्या वर्षी ते मुलीकडे न्यू जर्सीला जाणार आहेत. त्याच काळात, तिथून विमानाने अडीच तासांवरच्या एका शहरात, ऑलिम्पिक पिनांच्या संग्राहकांचे तीन दिवसांचे संमेलन भरणार आहे. विमान, हॉटेल, जेवण आणि प्रवेशशुल्क मिळून साधारण ९०० डॉलर लागतील असा त्यांचा अंदाज आहे. एवढा खर्च करून जावे का, असे ते विचारतात.

या प्रश्नाचा विचार बहुतेक जण खर्चापासून सुरू करतात. मी तुम्हाला तो दुसऱ्या टोकापासून सुरू करायला सांगेन : समोरच्याला हवेसे वाटेल असे तुमच्याजवळ काय आहे? ज्याच्याकडे देण्यासारखे काही आहे त्याला संमेलन भरभरून देते. जो केवळ पैसे घेऊन जातो, त्याला तिथे जे मिळते त्यातले बरेचसे घरबसल्या, आणि पुष्कळदा कमी खर्चात, मिळू शकले असते. हे विधान कठोर वाटेल, म्हणून त्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

संमेलनाच्या दालनात टेबले मांडून बसणाऱ्यांमध्ये दोन तऱ्हेचे लोक असतात. काही जण विक्रेते असतात. त्यांच्या पिनांवर किमती लावलेल्या असतात आणि तोच माल ते वर्षभर टपालानेही विकत असतात. दुसरे असतात मुरलेले संग्राहक, ज्यांच्या टेबलावरच्या पिना साध्या असतात, पण टेबलाखालच्या पिशवीत एक जाडजूड फोल्डर असतो. त्या फोल्डरमधली पिन पैशाने क्वचितच सुटते. किंमत विचारली तर ‘विकायची नाही, बदलायची आहे’ एवढेच उत्तर येते. शिवाय ऑलिम्पिक पिनांच्या अदलाबदलीत बरोबरीचा एक संकेत पाळला जातो : राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या पिनेला दुसऱ्या समितीची पिन, प्रसारमाध्यमाच्या पिनेला माध्यमाची पिन, प्रायोजकाच्या पिनेला प्रायोजकाची पिन. पिन किती मोठी आहे किंवा किती चमकते याला अनुभवी संग्राहक फारसे महत्त्व देत नाहीत. ती कोणी काढली, कोणासाठी काढली आणि किती लोकांच्या हाती गेली, हे ते पाहतात.

आता तुमच्या तीनशे पिनांकडे याच नजरेने पाहा. त्यांत अटलांटा १९९६ किंवा सॉल्ट लेक सिटी २००२ च्या प्रायोजकांच्या पिना असतील तर त्या घरीच ठेवा. अमेरिकेतल्या संग्राहकांकडे त्या खोक्यांनी पडून आहेत. मॉस्को १९८० चे मिशा अस्वलाचे हलके ॲल्युमिनियमचे बिल्ले आपल्याकडच्या जुन्या संग्रहांत हौसेने जपलेले दिसतात. ते मलाही मनापासून आवडतात. पण सोव्हिएत काळात असे बिल्ले अफाट संख्येने निघाले, त्यामुळे त्यांच्या बदल्यात फारसे काही मिळत नाही. याउलट भारतीय ऑलिम्पिक संघाची, म्हणजे आपल्या राष्ट्रीय समितीची पिन, विशेषतः जिच्यावर स्पर्धेचे वर्ष आहे अशी, तुमची खरी पुंजी ठरेल. समितीच्या पिना मुख्यतः पथकाबरोबर जातात आणि पथकातल्या लोकांकडूनच बाहेर पडतात. त्यामुळे पथक जेवढे लहान, तेवढी पिन दुर्मीळ. म्हणूनच पॅसिफिक महासागरातल्या छोट्या बेटांच्या आणि आफ्रिकेतल्या लहान देशांच्या पिनांना मोठी मागणी असते, आणि म्हणूनच भारताच्या उन्हाळी स्पर्धेच्या पिनेपेक्षा हिवाळी स्पर्धेच्या पिनेबद्दल अधिक विचारणा होते. बीजिंग २०२२ च्या हिवाळी स्पर्धेत भारताकडून आरिफ खान हा एकटाच खेळाडू उतरला होता, यावरून कल्पना येईल.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे १४१ वे अधिवेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झाले आणि लॉस एंजेलिस २०२८ मध्ये क्रिकेट खेळवण्यावर तिथेच शिक्कामोर्तब झाले. अधिवेशनांच्या पिना हा स्वतंत्र संग्रहाचा विषय आहे, आणि मुंबई अधिवेशनाशी संबंधित एखादी अस्सल वस्तू ओळखीपाळखीतून मिळवणे तुम्हाला जितके शक्य आहे तितके ते ओहायोमधल्या संग्राहकाला नाही. यजमानपदासाठी इच्छुक असलेल्या शहरांच्या पिनाही आवडीने जमवल्या जातात. २०३६ च्या स्पर्धेसाठी भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये इरादापत्र दिले आहे, तेव्हा त्यासंबंधी अधिकृत पिना हाती येतील तशा दोन-चार बाजूला ठेवाव्यात. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धेचा अप्पू हत्ती ऑलिम्पिकच्या चौकटीत बसत नाही, तरी आशियाई स्पर्धा जमवणारा एखादा संग्राहक प्रत्येक मोठ्या संमेलनात भेटतोच.

तात्पर्य असे की, प्रवासाचा विचार करण्यापूर्वी घरात बसून चांगल्या बदलीच्या पंधरा-वीस पिना बाजूला काढता येतात का ते पाहा. त्या निघत नसतील तर तुमच्यापुढे अजून वर्षभराचा वेळ आहे, आणि तो वेळ महाराष्ट्रातच कारणी लावता येईल. आपल्याकडचे माजी खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि क्रीडापत्रकार यांच्या घरी डब्यांत पडून असलेल्या पिनांची त्यांना स्वतःला पुष्कळदा जाणीवही नसते. अशा ठिकाणी योग्य मोबदला देऊन, आणि वस्तूचे मोल त्यांना प्रामाणिकपणे सांगून, पिना घ्याव्यात. घेताना ती पिन कोणत्या स्पर्धेत, कोणाकडून मिळाली हे त्यांच्याकडून दोन ओळींत लिहून घ्यावे. पिनेबरोबर असा कागद असला की संमेलनात तिचे वजन वाढते.

दुसरा प्रश्न, तुम्हाला हवे आहे ते त्या संमेलनात असणार आहे का? तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते. पिना वापरण्याची प्रथा पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकइतकीच जुनी आहे. १८९६ मध्ये अथेन्सला खेळाडू, पंच आणि अधिकारी ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याच्या चकत्या लावत असत. पण अमेरिकेत सर्वसामान्य प्रेक्षक या छंदाकडे वळले ते लेक प्लॅसिडच्या १९८० च्या हिवाळी स्पर्धेच्या सुमारास. लॉस एंजेलिसला १९८४ मध्ये हा छंद रस्त्यावर आला आणि कॅनडात कॅलगरीला १९८८ मध्ये कोका-कोलाने पिनांच्या अदलाबदलीसाठी पहिले अधिकृत केंद्र उभारले. या इतिहासाचा परिणाम आजही अमेरिकेतल्या टेबलांवर दिसतो : माल प्रामुख्याने १९८० नंतरचा असतो. १९५२ मधल्या पिना मुख्यतः फिनलंड आणि आसपासच्या देशांतल्या घरांत राहिल्या. त्यांतला चांगला हिस्सा युरोपातल्या मेळाव्यांत फिरतो आणि अटलांटिक ओलांडून थोडाच येतो. लंडन १९४८ ची स्थिती किंचित बरी आहे, कारण ब्रिटन आणि अमेरिका यांच्या संग्राहकांमध्ये देवाणघेवाण अधिक आहे.

म्हणून केवळ आशेवर तिकीट काढू नका. संमेलनाच्या आयोजकांना लिहून टेबल घेतलेल्यांची यादी मागा. ती गुप्त नसते आणि आयोजक बहुधा आनंदाने पाठवतात. मग दीड-दोन महिने आधी त्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र, छोटे पत्र लिहा. त्यात हव्या असलेल्या सात-आठ वस्तू नेमकेपणाने सांगा आणि देण्यासाठी काय आणणार आहात त्याची छायाचित्रे जोडा. ‘हेलसिंकीचे काहीही चालेल’ असे लिहिले तर उत्तर येत नाही किंवा आले तरी स्मरणवस्तू म्हणून विकलेल्या स्वस्त पिना दाखवल्या जातात. ‘१९५२ च्या स्पर्धेत सहभागी झालेल्यांना दिलेला बिल्ला, पंच किंवा पत्रकार यांचा असला तरी चालेल, मागची सुई मूळचीच हवी’ असे लिहिले की समोरच्याला कळते की विचारणारा जाणकार आहे, आणि तो स्वतःहून फोल्डर चाळून पाहतो. हेलसिंकीला ६९ देशांचे मिळून सुमारे ५,००० खेळाडू आले होते, तेव्हा सहभागींचे बिल्ले मुळातच मर्यादित. त्यांतला एखादा नक्की आणतो असे कोणी लिहून कळवले, तर तेवढ्या एका कारणासाठीही प्रवास योग्य ठरू शकतो.

प्रत्यक्ष जाण्याचा आणखी एक मोठा लाभ आहे, ज्याची किंमत डॉलरमध्ये काढता येत नाही. जुनी पिन हातात घेऊन पाहता येते. विक्रेते छायाचित्रात पिनेची दर्शनी बाजू दाखवतात. खरेखोटे मात्र मागच्या बाजूला आणि कडेला कळते. हेलसिंकीच्या बोधचिन्हात स्टेडियमचा उंच मनोरा आणि ऑलिम्पिकची वर्तुळे आहेत. अशी पिन हातात आली की ती उलटी करा. त्या काळच्या युरोपीय बिल्ल्यांना मागे आडवी सुई आणि ती अडकवायला आकडा, किंवा कोटाच्या काजात बसेल अशी रचना असणे स्वाभाविक आहे. तिथे आजच्यासारखी दोन पंखांची पितळी चाप दिसली तर एक तर मागचा भाग नंतर बदलला आहे किंवा पिनच नंतर केलेली आहे. मग ती सरळ करून नखाचे टोक मनोऱ्यावरून हलकेच फिरवा. जुन्या भाजलेल्या मीनाकामात रंग आणि धातू एका पातळीवर घासलेले असतात आणि नख अडखळत नाही. आजच्या स्वस्त पद्धतीत रंग खोलगट बसतो, धातूच्या रेषा वर राहतात आणि नखाला प्रत्येक रेषा लागते. भिंगातून कडेकडे पाहिले की ठसा मारल्यानंतर कातरल्याच्या खुणा दिसतात. नक्कल साच्यात ओतलेली असेल तर त्याऐवजी बारीक छिद्रे आणि गोलसर, बोथट कड दिसते. मागे कारखान्याचे नाव असेल तर त्याची अक्षरे टोकदार आहेत की पुसट, हेही पाहावे, कारण नक्कल करताना पहिला मार त्या बारीक अक्षरांना बसतो. दालनातला प्रकाश बहुधा पिवळट आणि अपुरा असतो, म्हणून दहापट भिंगाबरोबर एक छोटी पांढऱ्या उजेडाची विजेरी जवळ ठेवावी.

याच संदर्भात हेलसिंकीपुरती एक सावधगिरी. १९४० ची स्पर्धा आधी टोकियोला आणि टोकियोने नकार दिल्यावर हेलसिंकीला देण्यात आली होती, ती युद्धामुळे रद्द झाली. त्यामुळे हेलसिंकीच्या नावाच्या १९४० च्या वस्तूही बाजारात आहेत. त्या अस्सल आणि मोलाच्या असू शकतात, पण खाशाबांच्या ऑलिम्पिकशी त्यांचा संबंध नाही. वर्ष नसलेली पिन ‘१९५२ ची’ म्हणून पुढे केली तर तसे म्हणण्याचा आधार विचारावा. भारतीय पिनांच्या बाबतीतही असाच प्रश्न विचारण्याची वेळ येते. आंतरराष्ट्रीय समितीने डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघाला निलंबित केले होते आणि ते निलंबन सोची २०१४ ची हिवाळी स्पर्धा चालू असतानाच उठले. उद्घाटनाच्या संचलनात भारतीय खेळाडू ऑलिम्पिक ध्वजाखाली चालले. त्या स्पर्धेच्या नावाने भारताची पिन कोणी दाखवली, तर ती कोणी आणि केव्हा काढली याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत हात आखडता घ्यावा.

आता खर्चाकडे वळतो. ९०० डॉलर ही रक्कम फक्त तिथे पोहोचण्याची आणि राहण्याची आहे. खरेदीचे पैसे त्याशिवाय लागतील. समजा, टपालाने मागवलेली मध्यम प्रतीची एक पिन तुम्हाला सर्व खर्चासह ३० डॉलरला पडते, तर या प्रवासाच्या पैशांत अशा ३० पिना घरी येतात. संख्या वाढवणे हा हेतू असेल तर प्रवास करू नका, हे मी निःसंकोच सांगतो. पण तुमचा हेतू दोन विशिष्ट स्पर्धांच्या चांगल्या वस्तू मिळवण्याचा आहे, आणि अशा वस्तूंचा शोध शेवटी माणसांमार्फतच लागतो. ज्या संग्राहकाशी तुम्ही अर्धा तास समोरासमोर बसून बोललात, त्याच्याकडे सहा महिन्यांनी एखादी हेलसिंकीची पिन आली की त्याला तुमची आठवण होते. कुस्ती, कराड, खाशाबा आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक ही हकिकत तुम्ही सांगितली की ती तिथल्या कोणाच्याही स्मरणात राहील, कारण पिना जमवणारे लोक मुळात अशा हकिकतींवर जीव लावणारे असतात.

तीन दिवस राहण्याची मात्र गरज नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचा आणि दुसऱ्या दिवशी दार उघडण्याच्या वेळी दालनात हजर राहा. जुन्या, चांगल्या वस्तू पहिल्या दोन-तीन तासांतच हलतात. टेबलवाले तर दार उघडण्यापूर्वी, मांडामांड चालू असतानाच, आपापसांत बरेच व्यवहार उरकून घेतात, आणि म्हणून आधी पत्र लिहून वस्तू राखून ठेवायला सांगणे एवढे महत्त्वाचे आहे. त्या रात्री ज्या हॉटेलात बहुतेक संग्राहक उतरले असतील तिथेच राहा, भाडे थोडे जास्त असले तरी. दिवसभराची गर्दी ओसरल्यावर हॉटेलच्या खालच्या बैठकीत फोल्डर उघडले जातात, आणि दालनात न दाखवलेल्या पिना तिथे दिसतात. माझ्या मते संमेलनातली सर्वांत मोलाची वेळ तीच. शेवटच्या दुपारी विक्रेते किमती उतरवतात, कारण माल परत न्यावा लागतो. परंतु उरलेल्या मालात तुमच्या उपयोगाचे क्वचितच काही असेल, म्हणून तेवढ्यासाठी मुक्काम वाढवू नये. दोन रात्रींत हे सगळे बसते आणि ९०० चा अंदाज बराच खाली येतो. स्वतःचे टेबल भाड्याने घेऊ नका. टेबलाला बांधलेल्या माणसाला फिरता येत नाही, आणि तुमचे काम फिरण्याचे आहे.

दालनात वागण्याचे फार नियम नाहीत. दुसऱ्याच्या फोल्डरमधली पिन त्याने काढून दिल्याशिवाय हात लावू नये, दोघांचा व्यवहार चालू असताना मध्ये तोंड घालू नये, आणि नकार आला तर कारण विचारत बसू नये. लहान मुले अदलाबदलीला आली तर त्यांना चांगले माप द्यावे.

तुम्ही विचारलेले नसले तरी निर्णयात यायला हवा असा एक पर्याय आहे. लॉस एंजेलिसची स्पर्धा १४ ते ३० जुलै २०२८ या काळात आहे, आणि १९०० च्या पॅरिसनंतर प्रथमच ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट असल्यामुळे भारतीय प्रेक्षक, पत्रकार आणि त्यांच्याबरोबर भारतीय पिनाही तिथे मोठ्या संख्येने येतील असा माझा कयास आहे. स्पर्धेच्या शहरात अदलाबदल रस्त्यावर, मैदानांच्या बाहेर, स्वयंसेवकांशी आणि पथकातल्या लोकांशी होते. त्यासाठी सामन्याचे तिकीटही लागत नाही. पण तिथे मिळतात त्या प्रामुख्याने त्याच स्पर्धेच्या पिना. १९५२ चा शोध घेणाऱ्याला जुन्या संग्राहकांच्या संमेलनातच जावे लागेल. तुमची प्रकृती आणि आर्थिक सोय पाहता यांपैकी एकच प्रवास शक्य असेल, तर खाशाबांचा संग्रह पुरा करणे तुम्हाला अधिक प्रिय आहे की नव्या पिनांची मौज, हे आधी ठरवा. तुमच्या पत्रावरून मला पहिलेच उत्तर अपेक्षित आहे.

प्रवासात पिना सामानाच्या बॅगेत देऊ नयेत, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. दाट लावलेल्या पिनांचा फोल्डर तपासणीच्या यंत्रात एकसंध काळ्या ठोकळ्यासारखा दिसतो आणि बॅग उघडून पाहिली जाते. तेव्हा तो वरच ठेवावा आणि त्यासाठी पंधरा मिनिटे अधिक धरावीत. बदलीच्या पिना आणि न द्यायच्या पिना एका फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. भारतातून निघण्यापूर्वी सर्व पिनांची पुढून-मागून छायाचित्रे आणि क्रमवार यादी करा, आणि अमेरिकेत घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती जपा. परतताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी विचारले तर काय नेले होते आणि काय आणले, हे कागदावर दाखवता येते.

माझा सल्ला असा. आजपासूनच बदलीच्या पिना जमवायला लागा आणि संमेलनाच्या दोन महिने आधी पत्रे पाठवा. हेलसिंकी किंवा लंडनची वस्तू आणतो असे किमान दोघांनी छायाचित्रासह कळवले, आणि तोवर तुमच्याकडे चांगल्या पंधरा भारतीय पिना जमल्या, तर दोन रात्रींसाठी अवश्य जा. पिना जमल्या पण होकार आले नाहीत, तर या खेपेस मुलीकडे निवांत राहा, त्याच पंधरा पिनांची छायाचित्रे फिनलंडमधल्या संग्राहकांना पाठवा आणि टपालाने व्यवहार सुरू करा. होकार आले पण द्यायला पिना नसतील, तर त्या दोघांशी विक्रीची बोलणी पत्रानेच करा आणि मागच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र आल्याशिवाय पैसे पाठवू नका.